घरची वाट, फ्रेंचमधून

हसनाबादच्या अलीकडे माझ्या मामीचं शेत आहे, आणि त्या शेताला दोन वाटा आहेत. एक पाहुण्याची, एक घरची. पाहुण्याची वाट डांबरी रस्त्यानं गावच्या कमानीपर्यंत जाते, कमानीतून आत शिरते, शाळेवरून पाण्याच्या टाकीला वळसा घालते आणि मुरमाच्या रस्त्यानं थेट शेताच्या फाटकाशी येते. या वाटेनं तलाठी येतो, बँकेचा माणूस येतो, सोयरीक बघायला आलेले लोक येतात. घरची वाट गावाच्या आधीच सुटते. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपाशी डांबर सोडायचं, पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि शेजारच्या खालाच्या अंगणातून, तिला हाक मारून, कुंपणातल्या फटीतून विहिरीपाशी निघायचं. विहिरीला लागूनच आखाड्याचं मागचं दार. आखाडा म्हणजे शेतातलं घर. मामा-मामी बारा महिने तिथंच राहतात.

घरचं माणूस कमानीतून येत नाही आणि बाहेरचं माणूस गिरणीकडून येत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आई आजारी असताना शाळेची दोन वर्षं मी मामीकडे काढली, तेव्हा पायांनाच ते कळलं. ही शिस्त मी आयुष्यात एकदाच मोडली, आणि तीही फ्रेंचमधून.

आता हसनाबादच्या शिवारात फ्रेंच कुठून उगवलं, ते सांगते. आमचं घर परतूरचं. अकरावीला मला औरंगाबादला ठेवलं, आणि तिथं सगळ्या मुली मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेत होत्या, म्हणून मीही घेतलं. मार्क पडले. पण मला ती भाषा खरंच आवडली, हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण परतूरमध्ये असं काही सांगितलं की पुढची दहा वर्षं लोक त्याच नावानं हाक मारतात. पुस्तकात रस्ता सांगण्याचा एक धडा होता. त्यात एक गाव होतं, गावात चर्च, पोस्ट, पावाचं दुकान आणि एक पूल. सुट्टीत घरी आले की मी स्टेशनापासून मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारापर्यंत, चालताना तोंडातल्या तोंडात घोकायची: आ गोश म्हणजे डावीकडे, आ द्र्वात म्हणजे उजवीकडे, तू द्र्वा म्हणजे सरळ. चर्चच्या जागी मी कापसाचा जिनिंग कारखाना धरायची आणि पावाच्या दुकानाच्या जागी भजीवाल्याचा गाडा. कापसाच्या गाड्यांच्या मधून पुटपुटत जाणारी पोरगी बघून एका म्हातारबाबांनी आईला सांगितलं होतं, की पोरीला कुणाला तरी दाखवा.

आमच्याकडे खरं तर कुणी असा रस्ता सांगत नाही. डावं-उजवं हे परीक्षेपुरतं. आमच्याकडे "हे काय, त्या लिंबापाशी" म्हणतात आणि लिंब दोन कोसांवर असतो. "कुणालाबी इचारा" म्हणतात. "मला माहीत नाही" मात्र कुणी म्हणत नाही. माणूस विचारत आलाय, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून काहीतरी सांगतातच.

शिकून झाल्यावर ते फ्रेंच बरीच वर्षं ट्रंकेत पडून राहिलं. मी जालन्याला एका ऑफिसात टायपिंग आणि फायलींचं काम करत होते. मग एका परदेशी बियाणं कंपनीनं आमच्या भागात मिरचीचे प्लॉट घेतले. जालना जिल्ह्यात बियाण्याचं काम पिढीजात म्हणावं इतकं जुनं आहे. शेतकरी कंपनीसाठी बी पिकवतो, मधे ऑर्गनायझर असतो, तो ठरवतो कुणाला प्लॉट द्यायचा. कंपनीकडून एक फ्रेंच बाई हंगामभर प्लॉट तपासायला येणार होती. तिला इंग्रजी येत होतं, पण शेतात उभं राहिल्यावर ती फ्रेंचवरच यायची. ऑर्गनायझरनं शोध शोध शोधलं आणि जिल्ह्यातलं सापडलेलं एकमेव फ्रेंच म्हणजे मी.

मामीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आलं का तुझं फिरंगी कामाला एकदाचं! म्या म्हणलं, उंदरं खात्यात का काय."

मामीला त्या वर्षी पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर प्लॉट मिळाला होता. याआधी ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. क्रॉसिंग म्हणजे दुपारी उशिरा चिमट्यानं कळी उघडून तिच्यातला नर भाग काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. एकेका फुलाला, हातानं, वाकून. या कामात मामीचा हात असा बसलेला, की लांबलांबच्या प्लॉटवरून तिला बोलावणं यायचं. आता प्लॉट तिचा, आणि शेजारची खाला धरून आठ-नऊ बायका तिच्या हाताखाली. हा प्लॉट पास झाला असता तर ती ऑर्गनायझरच्या यादीत कायमची बसली असती. फेल झाला तर नाव खोडलं जाणार, आणि एकदा खोडलेलं नाव त्या यादीत परत येत नाही. मामीला तिच्या जन्मात हवी होती अशी ही एकच गोष्ट मला माहीत आहे.

मिरचीच्या प्लॉटचा एक कडक नियम असतो. आसपास ठरावीक अंतरात दुसरी मिरची नको. माशी एका झाडावरून दुसऱ्यावर बसली की बी भेसळीचं होतं. हंगामाच्या सुरुवातीला मीच सगळ्यांचे फॉर्म भरले होते. मामीच्या फाटकाशी उभी राहून मी विचारलं, "आसपास दुसरी मिरची?" मामी म्हणाली, "न्हाई गं." मी 'नाही' लिहिलं.

आणि विहिरीमागे, मोरीचं पाणी जातं तिथं, गावरान मिरचीची सात-आठ झाडं होती. ती मी तिथं राहत होते तेव्हाही होती. एक मरायचं, मामी दुसरं लावायची. त्याच मिरचीचा ठेचा खाऊन मी मोठी झाले. शपथ घेऊन सांगते, की फॉर्म भरताना ती झाडं माझ्या डोक्यात आली नाहीत आणि मामीच्याही आली नसावीत. मिरची म्हणजे शेतातली. दारातलं झाड हे तुळशीसारखं, त्याला पीक कोण म्हणतं? पण शपथेच्या जोडीला हेही सांगायला हवं, की तपासणीची माणसं कायम कमानीकडून यायची, फाटकाशी पाटी बघायची, चहा प्यायची आणि कमानीकडूनच जायची. त्यांना कुणी विहिरीमागे नेत नसे. का नेत नसे, हे कुणी बोलत नसे. ठाऊक होतं आणि नव्हतं, असं म्हणते.

ती फ्रेंच बाई चाळिशीची, उंच, नाक उन्हानं सोललेलं. पहिल्या दिवशी मी तिच्याशी पुस्तकातलं फ्रेंच बोलले तर ती पोट धरून हसली. म्हणाली, तुझं फ्रेंच कडक इस्त्रीचं आहे, कुणी रोज घालतं का असं? तिनंच मला ते मऊ करून दिलं. 'लांब नाही' हे पुस्तकात चार शब्दांचं होतं, तिनं त्यातला एक गाळायला शिकवला: से पा ल्वँ. मला अहो-जाहो करू नकोस, अगं म्हण, म्हणाली. गाडीत बसून आम्ही सगळा तालुका फिरलो आणि मी तिला आमच्या पद्धतीचे रस्ते फ्रेंचमधून सांगायला लागले. तो लिंब दिसतो ना, तिथून पुढं. म्हशी बसल्यात तिथं नको वळूस, त्याच्या पुढच्याला. आता पोचलोच, से पा ल्वँ. ड्रायव्हर म्हणायचा, ताई, तुम्ही दोघी चिमण्यावानी काय बोलून राह्यल्या? इतक्या वर्षांनी ती भाषा माझ्या तोंडात राहायला आली होती आणि मी हवेत होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

मामीकडे ती पहिल्यांदा आली ती अर्थातच कमानीकडून. मामीनं डोक्यावर पदर घेतला, खुर्ची पुसून दिली. प्लॉट बघून बाई खूश झाली. असं सफाईचं क्रॉसिंग मी दोन-तीन देशांत बघितलं नाही, म्हणाली. मी ते मामीला मराठीत सांगितलं तेव्हा मामी नुसती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग जेवण झालं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. बाईनं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला. मी तुला मामी म्हणू का, असं तिनं विचारलं. तिच्या भाषेत आजीला तसंच काहीसं म्हणतात. मामी मला म्हणाली, "सांग तिला, आजी म्हण, मामी म्हण, पर अजून एक भाकर खा."

त्यानंतर ती चार वेळा आली आणि चारही वेळा जेवली. एकदा खालाच्या घरून शेवयांची खीर आली तर तिनं भांडं चाटूनपुसून दिलं. खाला म्हणाली, "ये तो अपनीच है गे, फकत रंग उड्या हुआ है." आम्ही सगळ्या हसलो. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. नुसतं तपासायला आलेलं माणूस असतं तर मला इतकं लागलं नसतं.

तिचं परत जायचं ठरलं त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मी दोन दिवस परतूरला आले होते. मंडपात गर्दी, मी पुऱ्या लाटायला बसलेली, आणि तिचा फोन. मला मामीला भेटायचं आहे, एकटीनं, निरोप घ्यायला. तिच्यासाठी एक वस्तू आणली आहे. कसं जाऊ? मी म्हटलं, ड्रायव्हरला ठाऊक आहे. ती म्हणाली, तो मला त्या कमानीकडून नेतो, मग गाव गोळा होतं, सरपंच येतो, नारळ येतो. तसं नको. तू कशी जातेस ते सांग. तुझ्या बहिणीला सांगशील तसं सांग.

मी हात पुसले, मंडपाच्या मागे गेले आणि तिला रेकॉर्ड करून पाठवलं. ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. मागे बँडवाल्यांची जुळवाजुळव ऐकू येते आणि माझा आवाज इतका आनंदी आहे, की आता ऐकवत नाही. गाडी गिरणीपाशी सोड, असं मी म्हणते. पांदणीत उतर, त्यू व्हा तू द्र्वा, सरळच्या सरळ. ओढ्यात पाणी नसतं, घाबरू नकोस. आ गोश, बकऱ्या दिसतील, ते खालाचं घर. अंगणातून जा, लाजू नकोस, सगळे जातात. फक्त हाक मार. मग कुंपणाची फट, मग विहीर, आणि पोचलीस. मामीचं मागचं दार उघडंच असतं. से पा ल्वँ. बहिणीला सांगतात तसंच सांगितलं. पुस्तकातल्या त्या गावात कुणीही कुणाला कुणाच्या अंगणातून पाठवलं नव्हतं. मला वाटलं, आज मला ही भाषा आली.

पुढचं मला मामीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन करून, हसत हसत सांगितलं.

"अगं, तुझी फिरंगीण आल्ती! गिरणीकून! खालाच्या अंगणातून हाका मारीत आली. म्या भाकरी थापून राह्यले तर मागच्या दारात उभी. म्या म्हणलं, पोरीनं ह्या वाटंनं धाडली म्हणजे आपलंच माणूस हाय, मंग हिला कशाला खुर्ची न् फिर्ची? बसवली चुलीपाशी. ठेचा मागितला तिनं खुणा करून. ठेचा संपला व्हता, म्हणलं थांब. मागं नेलं, तिच्यासमोरच मिरच्या तोडल्या. तिनं फोटो काढले. म्या म्हणलं, काढ बाई, हातातल्या मिरचीचाबी काढ. रुमाल आणलाय तिनं मला, निळ्या फुलाचा. जाताना गळ्यात पडली गं, लई रडली."

मी फोनवर हसत होते, ती हसता हसता फोटोंपाशी अडकले. फोटो कशाचे काढले, असं मी विचारलं. मामी म्हणाली, "झाडाचे, विहिरीचे, माझे, समद्याचे." मी स्वतःला समजावलं, की आठवण म्हणून काढले असतील.

दिवाळीनंतर ऑर्गनायझर कागद घेऊन मामीच्या आखाड्यावर आला आणि मला बोलावून घेतलं. अहवाल फ्रेंचमध्ये होता. कंपनीचं इंग्रजी पत्र मागून यायचं होतं. पण प्लॉट फेल आहे एवढा निरोप त्याच्याकडे आला होता, आणि का फेल, ते मामीला सांगणं भाग होतं. तो खुर्चीत बसला. मामा बैलांपाशी गेला तो तिकडेच राहिला. मामी आणि खाला जमिनीवर बसल्या. आणि मी उभी राहून, पगार घेऊन, तो कागद मराठीत वाचला.

त्यात सगळं होतं. विहिरीमागे स्थानिक जातीच्या मिरचीची झाडं, फुलावर आलेली, प्लॉटपासून अंतर नियमाच्या फार आत. शेतकरी महिलेनं स्वतः ती झाडं दाखवली. सोबत फोटो. मामीच्या तळहातावर पाच मिरच्या, आणि ती हसते आहे. जी चुलीपाशी बसून चार भाकरी खाऊन गेली, तिनं जेवताना घराचे वासे मोजले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

शेवटच्या ओळीशी मी थांबले. लिहिलं होतं की, ज्या स्थानिक सहकारी महिलेनं मला नेहमीची वाट सोडून ही झाडं दिसतील अशी वाट आपणहून कळवली, तिच्या प्रामाणिकपणाबद्दल कंपनीनं तिचे आभार मानावेत.

त्या आखाड्यावर ही ओळ वाचू शकणारी मी एकटीच होते. ऑर्गनायझरनं विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

खाला शिव्या घालत उठली. मामीनं मला एकच विचारलं, "ती गिरणीकून आल्ती, ते लिवलंय का त्यात?"

"न्हाई," मी म्हटलं.

मामीनं माझ्याकडे बघितलं. मग उठून ती कडबा तोडायला गेली.

त्या संध्याकाळी मी जालन्याच्या बसमधून त्या बाईला लिहिलं. काय काय लिहिलं ते इथं देत नाही. फ्रेंचमधले मला येत होते ते सगळे वाईट शब्द त्यात होते, आणि ते सगळे तिनंच गाडीत हसत हसत शिकवलेले होते. तिचं उत्तर लगेच आलं. ती चिडली नव्हती, उलट गोंधळली होती. म्हणाली, मला वाटलं तुला ते माझ्या लक्षात आणून द्यायचं होतं. घरच्यांबद्दल आपल्या तोंडानं सांगता येत नाही, म्हणून तू मला तिथून पाठवलंस. मी निरोपालाच निघाले होते. पण गिरणीपाशी उतरून चालायला लागले तेव्हा विचार करत होते, की ही मला मागून का पाठवते आहे? विहिरीशी आल्यावर कळलं. तू धाडसाचं काम केलंस, असं तिनं शेवटी लिहिलं.

मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

नियम तिचा खरा होता. भेसळीचं बी दुसऱ्या कुणाच्या रानात उगवतं आणि तो दुसराही कुणीतरी मामीसारखाच असतो, हे मला कळतं. तिनं ती झाडं बघितली आणि लिहिली, तेही एक वेळ मी समजून घेईन. मला आजही आग लागते ती दुसऱ्या गोष्टीची. मी तिला घरातलं धरून घरची वाट दिली, आणि तिनं ती चुगली म्हणून घेतली. जेवली, रडली, गळ्यात पडली, आणि मामीच्या मिठीत असतानाही तिला वाटत होतं की मी मामीला विकलं आहे. तिच्या लेखी मामीला दगा देण्यात तिच्याहून भारी मी ठरले. असा मान कुणाच्या वैऱ्यालाही मिळू नये.

मामीचा प्लॉट मोडला. लाल झालेली मिरची ऑर्गनायझरच्या माणसांसमोर खड्ड्यात गेली, दोऱ्यांसकट. यादीतून नाव गेलं. पुढच्या वर्षी त्याच गावात दुसऱ्याच्या रानात प्लॉट पडला आणि मामी तिथं क्रॉसिंगला जायला लागली. विहिरीमागची झाडं तिनं उपटून टाकली होती. तो निळा रुमाल मात्र ठेवला, भाकरीच्या टोपल्यावर टाकायची. मी एकदा म्हटलं, फेकून दे ना. तर म्हणाली, "चांगलं कापड हाय. त्याचा काय गुन्हा?"

ती मला एका शब्दानं बोलली नाही. मला वाटत राहिलं की सुटले.

कंपनीचं इंग्रजी पत्र कधीतरी आलं असणार. ऑर्गनायझर माणूस वाईट नाही, त्याला वाटलं की बिचारीचं काहीतरी बरं सांगावं. मामीला बाजारात गाठून तो म्हणाला, "तुमच्या भाचीचं लई नाव झालंय कंपनीत. पार साहेबानं आभार मानलेत, तिनंच वाट सांगितली म्हणून." हे मला त्यानंच फोनवर कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, मामी काय म्हणाली? "काय म्हणणार? म्हणल्या, व्हय का. भाजी घेतली न् गेल्या."

मी मामीला फोन करायला हवा होता. मी उद्या करू म्हणून रोज टाळला, आणि असे दोन महिने गेले.

मग थंडीत एक दिवस तिचाच फोन आला. हुरडा आलाय, ये म्हणाली. आवाज नेहमीचा होता. मला इतका आनंद झाला की मी हो-हो करत सुटले. ठेवता ठेवता ती म्हणाली, "आन् हे बघ, डांबरीनंच ये. गिरणीपाशी वळू नको. कमानीतून आत शीर, शाळेवरून टाकीला वळसा घाल. तिथून मुरमाच्या रस्त्यानं सरळ. फाटकाशी म्या हायेच. लांब न्हाई."

जिथं मी अनवाणी वाढले त्या घराचा रस्ता ती मला सांगत होती. एकेक खूण, सावकाश, चुकू नये अशी. मी सगळं ऐकून घेतलं आणि बरं म्हटलं.

रविवारी गेले. गिरणीपाशी स्कूटी आपोआप हळू झाली. पांदणीत नुकतीच बैलगाडी जाऊन चाकोऱ्या पडल्या होत्या आणि पलीकडे खालाच्या बकऱ्या दिसत होत्या. मी तशीच पुढे गेले. कमान, शाळा, टाकी. कंपनीच्या गाडीशिवाय आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकापाशी उतरले तर मामी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. आत खुर्ची पुसून ठेवलेली दिसत होती.

"ये," ती म्हणाली. "रस्ता बराबर सापडला ना?"

मी हो म्हटलं.